उडणारा झाडू ५०० नाण्यांना, साधं चिलखत १,५०० ला! डी अँड डीमधल्या जादुई वस्तूंच्या भावाचा घोळ नेमका काय आहे?

स्ट्रेंजर थिंग्ज बघितली असेल तर तळघरात टेबलाभोवती बसलेली ती पोरं तुम्हाला आठवत असतील. एक जण गोष्ट सांगतोय, फासे पडतायत आणि बाकीचे ओरडतायत. तो खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, शॉर्टमध्ये डी अँड डी. सिरीजमधल्या व्हिलनचं वेक्ना हे नावही याच खेळातून आलंय.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ १९७४ मध्ये आणला. २०२४ मध्ये त्याला ५० वर्षं झाली आणि त्याच वर्षी विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने नियमांची सुधारित पुस्तकं काढायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये एक बदल होता. बाहेरच्यांना तो किरकोळ वाटेल, पण खेळणाऱ्यांसाठी मोठा आहे. तो म्हणजे जादुई वस्तूंना पक्के भाव मिळाले.

आता तुम्ही म्हणाल, खोट्या जगातली खोटी तलवार, तिच्या खोट्या भावाचं एवढं काय? तर चार-पाच मित्र वर्षभर दर शनिवारी वेळ काढून एक गोष्ट खेळत असतात. एका वस्तूचा भाव चुकला की एक जण हिरो होतो आणि बाकीचे प्रेक्षक. मग हळूहळू शनिवारी कुणालाच वेळ मिळेनासा होतो.

आधी बेसिक समजून घेऊ

खेळात एक डंजन मास्टर असतो. तो जग चालवतो, राक्षसांच्या बाजूने फासे टाकतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि लेव्हल १ पासून २० पर्यंत चढत जातात. वार करायचा तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपला बोनस मिळवायचा. बेरीज समोरच्याच्या 'आर्मर क्लास'एवढी किंवा जास्त आली की वार लागला.

जादुई वस्तू या गणितात ढवळाढवळ करतात. +१ तलवार म्हणजे वाराच्या बेरजेत एक जास्त. +१ चिलखत म्हणजे समोरच्याला एक जास्त आणावा लागणार.

एक प्लस म्हणजे नेमकं किती?

समजा, तुमच्या योद्ध्याकडे प्लेट चिलखत आणि ढाल आहे. आर्मर क्लास झाला २०. समोर +५ बोनसवाला ऑर्क. त्याला फाशावर १५ किंवा जास्त हवे, म्हणजे २० पैकी ६ वार लागणार.

आता जादूचा पहिला प्लस आला. ६ चे ५ झाले. मार सहाव्या हिश्श्याने कमी. चिलखत +३ आणि ढाल +२ झाली, म्हणजे एकूण पाच प्लस, तर आर्मर क्लास २५. ऑर्कला आता थेट २० च आणावे लागतात. यातल्या शेवटच्या प्लसने २ चा १ केला, म्हणजे मार थेट निम्मा.

प्लस एकच, पण पाचव्याची किंमत पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून दुप्पट प्लसला दुप्पट भाव हा हिशेब इथे चालत नाही.

खरी गोची यापुढे आहे. योद्ध्याला कुणी हात लावू शकत नाही म्हटल्यावर डंजन मास्टर +११ बोनसवाला राक्षस आणतो. तो योद्ध्याला २० पैकी ७ वेळा मारतो. पण शेजारी उभ्या, आर्मर क्लास १३ असलेल्या जादूगाराला? २० पैकी १९ वेळा. वस्तू एकाला मिळाली, मार मात्र दुसऱ्याने खाल्ला.

मग आधी भाव कसा लावायचे?

२००० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने थेट फॉर्म्युला दिला. शस्त्राच्या प्लसचा वर्ग करा, त्याला २,००० ने गुणा. +१ ला २,००० सोन्याची नाणी, +२ ला ८,०००, +५ ला ५०,०००. वर सांगितलेल्या गणिताला हे बऱ्यापैकी धरून होतं. कुठल्या लेव्हलला पात्राकडे किती संपत्ती असावी याचाही तक्ता होता. २००३ च्या ३.५ आवृत्तीत लेव्हल २० साठी हा आकडा ७,६०,००० होता.

पण फॉर्म्युला आला की पळवाट आलीच. एखादा मंत्र वस्तूत कायमचा बसवायचा तर मंत्राची लेव्हल गुणिले मंत्र टाकणाऱ्याची लेव्हल गुणिले २,००० असा हिशेब होता. 'ट्रू स्ट्राइक' हा पहिल्या लेव्हलचा मंत्र पुढच्या एका वाराला +२० द्यायचा. फॉर्म्युल्यात टाका: १ गुणिले १ गुणिले २,०००. म्हणजे प्रत्येक वाराला +२० देणारी तलवार +१ तलवारीच्या भावात! फॉर्म्युला आंधळेपणाने वापरू नका, असं पुस्तकातच सांगितलं होतं. पण हुशार खेळाडू टेबलावर कॅलक्युलेटर घेऊन बसायचेच.

दुसरी अडचण अशी की राक्षसांचं गणितच तुमच्याकडे या वस्तू आहेत असं धरून केलेलं होतं. मग अंगठी, झगा, पट्टा घ्यायलाच हवा. बक्षीस म्हणून मिळणारी जादू दर महिन्याच्या हप्त्यासारखी झाली.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने प्रत्येक वस्तूला लेव्हल दिली. लेव्हल १ च्या वस्तूला ३६० नाणी, लेव्हल ३० ला ३१,२५,०००. विकायला गेलात तर पाचवा हिस्सा हातात. गणित स्वच्छ होतं, पण जादूची नवलाई गेली अशी तक्रार अनेकांनी केली.

झाडूचा किस्सा काय आहे?

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने उलटा रस्ता धरला. राक्षसांचं गणित जादुई वस्तू नाहीतच असं धरून केलं. एका पात्राला जास्तीत जास्त तीन ताकदवान वस्तूंशी 'अट्यूनमेंट', म्हणजे नातं जोडता येईल, असा नियम केला. आणि भाव ठेवले दुर्मीळपणावर. अनकॉमन १०१ ते ५००, रेअर ५०१ ते ५,०००, व्हेरी रेअर ५,००१ ते ५०,००० आणि लेजेंडरी त्याच्या पुढे कितीही.

यात झाडू अडकला. 'ब्रूम ऑफ फ्लाइंग' हा उडणारा झाडू अनकॉमन, म्हणजे फार तर ५०० नाणी. अट्यूनमेंटही नको. तासभर उडवणारं औषध, 'पोशन ऑफ फ्लाइंग', मात्र व्हेरी रेअर. एकदाच वापरायचं म्हणून निम्मा भाव धरला तरी अडीच हजारांच्या वर. आणि जादूचा थेंबही नसलेलं प्लेट चिलखत १,५०० ला.

लेव्हल ३ ला हा झाडू मिळाला की दरी, भिंत, नदी हे सगळे अडथळे संपले. जमिनीवरून गदा फिरवणारा राक्षस नुसता वर बघत बसतो.

२०२४ मध्ये काय सुधारलं?

आता रेंज जाऊन एकच आकडा आला. कॉमन १००, अनकॉमन ४००, रेअर ४,०००, व्हेरी रेअर ४०,०००, लेजेंडरी २,००,०००. एकदाच वापरायच्या बहुतेक वस्तूंना निम्मा भाव. त्याही वरच्या 'आर्टिफॅक्ट'ना भावच नाही, त्या अमूल्य.

स्वतः वस्तू बनवायची तर साधारण निम्मा खर्च, पण वेळ लागतो. रेअरला ५० दिवस, व्हेरी रेअरला १२५, लेजेंडरीला २५०. ही चाल हुशारीची आहे. मोठ्या लेव्हलला पात्रांकडे सोनं पोत्याने असतं, दिवस नसतात. तुम्ही २५० दिवस भट्टीपुढे बसलात तर खलनायक काही तुमच्यासाठी थांबणार नाही.

पण मूळ दुखणं तसंच राहिलं. भाव दुर्मीळपणाला आहे, उपयोगाला नाही. +३ चिलखत लेजेंडरी आणि तीन इच्छा पूर्ण करणारी अंगठीही लेजेंडरी. तक्त्यात दोघांचा गट एकच.

पाथफाइंडर या स्पर्धक खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक वस्तूला स्वतःची लेव्हल आणि स्वतःचा भाव आहे. बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेमने तर तीन वस्तूंची मर्यादाच काढली, पण पात्रांची लेव्हल १२ ला थांबवली. कुठल्या कोपऱ्यात काय ठेवायचं हे बनवणाऱ्यांच्या हातात होतं, म्हणून ते चाललं. घरच्या टेबलावर खेळाडू उद्या काय मागेल याचा नेम नसतो.

मग डंजन मास्टरने काय करायचं?

भाव सांगण्याआधी तीन प्रश्न विचारायचे.

१. ही वस्तू नुसता आकडा वाढवते, की एखादी अडचण कायमची संपवते? उडणं, अदृश्य होणं, क्षणात दुसरीकडे पोचणं हे दुसऱ्या प्रकारात येतं. तिथे तक्ता बाजूला ठेवा.

२. दिवसातून किती वेळा वापरता येते? अमर्याद वापराचे तीन वापर केले की अर्धे प्रश्न सुटतात.

३. ही वस्तू आल्यावर बाकीच्या तिघांकडे करण्यासारखं काय उरतं? काहीच नसेल, तर कुठलाही भाव कमीच आहे.

आणि चूक झालीच, तर चोर आणून वस्तू पळवू नका. खेळाडूला ते लगेच कळतं आणि लागतंही. सरळ सांगा, 'माझा अंदाज चुकला, आपण ही थोडी बदलूया.' बहुतेक लोक ऐकतात.

शेवटी पुन्हा वेक्नाकडे. 'हँड ऑफ वेक्ना' ही वस्तू या खेळात १९७६ पासून आहे. प्रचंड ताकदवान, आणि तिला सोन्यात भाव नाही. ती वापरायची तर आधी स्वतःचा हात तोडावा लागतो. एवढं महाग करूनही घेणारे निघतातच.

तुमच्या ग्रुपमध्ये अशी एखादी वस्तू आली होती का, जिने सगळा खेळच बिघडवला? मग तुम्ही काय केलंत? कमेंटमध्ये नक्की सांगा.