जुन्या गाडीचा दम

आमच्या दारात २००४ सालची झेन आहे. सासऱ्यांनी हौसेने घेतलेली. ते गेल्यावर ‘विकून टाकू’ असं सगळ्यांचं मत पडलं; पण मी गाडी शिकले ती तिच्यावरच. शाळेत जायला, बाजार आणायला आणि कराडहून चिपळूणला माहेरी जायला मला तीच लागते.

या दिवाळीत माहेराहून परतताना कुंभार्ली घाटात मात्र तिने जीव खाल्ला. दुसऱ्या गिअरवर दम धरीना, पहिल्यात घातली तर नुसता आवाज. मागे ट्रकची रांग, शेजारी सासूबाई, पाठीमागे दोन मुलं. माथ्यावर पोचेपर्यंत माझे तळहात ओले झाले होते.

घरी आल्यावर आमच्या धाकट्या भावोजींनी कागदच पुढे केला. बॉनेटमध्ये बसणारा मोठ्या तोंडाचा एअर फिल्टर, ‘फ्री-फ्लो’ सायलेन्सर, इंजिनच्या कॉम्प्युटरचं नवं सेटिंग. “आणि वहिनी, खरं तर एस्टीमचं तेराशेचं इंजिनच बसवून टाकू, बघा कशी पळते!” माझी चाळीस हजारांची भिशी लागल्याचं त्यांना ठाऊक होतं ना!

पैसे माझे, म्हणून गॅरेजमध्ये मीच गेले. मेस्त्री म्हणाले, “साहेबांना पाठवा.” मी म्हटलं, “घाटात गाडी मी चालवते, साहेब नाही. एवढंच सांगा, नवी होती तेव्हा हीच गाडी हाच घाट चार माणसं घेऊन चढायची. तेव्हाची ताकद गेली कुठं?” मेस्त्री हसले आणि आतून एक घड्याळासारखं मीटर घेऊन आले.

त्या तपासणीला कॉम्प्रेशन टेस्ट म्हणतात. इंजिन म्हणजे आपला कुकरच समजा. रिंग सैल झाली की वाफ बाजूने निसटते, शिट्टी होत नाही आणि गॅस मात्र जळत राहतो. सिलिंडरचा दाब निसटला की इंजिनचं तसंच होतं. आमच्या गाडीला चार सिलिंडर. तिघांचे आकडे साडेबाराच्या आसपास आले, चौथ्याचा जेमतेम नऊ! हे आकडे एकमेकांपासून एकाहून जास्त लांब नसावेत. मेस्त्रींनी त्या चौथ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. आकडा वाढला असता तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, म्हणजे मोठा खर्च. तो वाढला नाही, म्हणजे संशय व्हॉल्व्हवर. वर्षानुवर्षांच्या झिजेने टॅपेटची फट कमी झाली होती, त्यामुळे इंजिन तापलं की व्हॉल्व्ह नीट बसतच नव्हता. आणखी काही महिने तशीच दामटली असती, तर व्हॉल्व्ह जळून हेड उतरवावं लागलं असतं. टॅपेट सेटिंग, चार प्लग, साधा कंपनीचा एअर फिल्टर आणि मजुरी धरून बिल साडेतीन हजारांच्या आत आलं. पुन्हा मोजलं तेव्हा चौथा सिलिंडर बाराच्या वर होता.

तेव्हा जुन्या गाडीला पिकअप नाही असं वाटलं, तर आधी या क्रमाने बघा. टायरमध्ये हवा पुरेशी आहे का? थोडं चालवून उतरल्यावर एखादं चाक जास्त गरम लागतं का? लागलं तर ब्रेक चिकटतो आहे, बिचारं इंजिन त्यालाच ओढतंय. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच प्लेट गेली. मग प्लग, फिल्टर, टॅपेट आणि शेवटी कॉम्प्रेशन. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्याने लवकर खराब होतात, त्याही तपासून घ्या. आणि अवघड चढावर एसी बंद करा. लहान इंजिनाला तेवढ्यानेही हायसं वाटतं.

आता भावोजींची यादी. उघडा फिल्टर बॉनेटमधलीच गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ, म्हणून फायदा कमी आणि आवाज जास्त. सायलेन्सर बदलताना धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर काढला तर पीयूसीला अडकणार. कॉम्प्युटरच्या सेटिंगचा खरा उपयोग टर्बो असलेल्या गाडीला. साध्या लहान इंजिनात फरक थोडाच पडतो.

राहिलं मोठं इंजिन. ते झेनमध्ये बसतं, हौशी लोक बसवतातही. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५२ प्रमाणे असा बदल मनाने करता येत नाही. आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नोंद, विमा कंपनीलाही कळवायचं. हे न करता अपघात झाला, तर भरपाईच्या वेळी हात हलवत परत यावं लागेल. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इंजिन वाढलं तरी ब्रेक तेच राहतात. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला चौपट जोर लागतो. घाट चढायचा असतो तसा उतरायचाही असतो, बायांनो!

भिशीतले उरलेले पैसे मी ब्रेक लायनिंग आणि चार नव्या टायरांवर घातले. टायर घेताना बाजूचे शेवटचे चार आकडे वाचा. ‘३२२५’ असेल तर २०२५ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल त्यावरून ओळखता येतो.

संक्रांतीला पुन्हा चिपळूणला जाऊन आले. येताना गाडी काही वाऱ्यासारखी धावली नाही, पण दुसऱ्या गिअरवर, एसी बंद ठेवून, शांतपणे घाट चढली. सासूबाईंना चक्क डुलकी लागली! नवी ताकद विकत घेण्याआधी हरवलेली शोधावी, हेच खरं. भावोजी अजून थोडे रुसलेत. त्यांच्यासाठी उद्या पुरणपोळी करते आहे.