वजन फुलोऱ्याचं की पानाचं?

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, खराबवाडी-नाणेकरवाडीच्या चाळींत, भाड्याच्या एकेका खोलीत तीन-चार राज्यांतली माणसं राहतात. एक रात्रपाळीवरून आला की दुसरा पहिल्या पाळीला निघतो. उत्तर प्रदेशातून आलेल्याच्या गावी भांगेचं सरकारमान्य दुकान असतं. उत्तराखंडातून आलेल्याच्या डोंगरात 2018 पासून त्याच झाडाच्या लागवडीला, धाग्यासाठी आणि बियांसाठी, परवाना मिळू लागला. इथे मात्र ते पान परवान्याशिवाय जवळ सापडलं तर राज्याचा दारूबंदी कायदा लागतो, आणि पोलिसांनी त्याला गांजा ठरवलं तर केंद्राचा 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा, एनडीपीएस. रेल्वेने एक रात्र-दिवस प्रवास केला की पानाचा कायदेशीर अर्थ बदलतो आणि ते त्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं. केंद्राचा कायदा आणि राज्यांची धोरणं यांच्यात जी फट राहते, तिच्यात पहिला पाय अडकतो तो परगावाहून पोटासाठी आलेल्याचा. महाराष्ट्राने ही फट आपल्या हद्दीत तरी बुजवावी, असं माझं म्हणणं आहे.

ही फट चुकून राहिलेली नाही. एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पानं आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. त्यामुळे नुसत्या पानाची भांग केंद्राच्या कायद्याबाहेर राहते आणि तिचं काय करायचं ते राज्य ठरवतं. कलम 10 नुसार परवाने आणि नियमांद्वारे या झाडाच्या लागवडीवर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार राज्यांना आहेत, तर कलम 14 धागा आणि बियांसाठीच्या लागवडीला वाट ठेवतं. थोडक्यात, राज्यांसाठी दार केंद्रानेच ठेवलं. कुठल्या राज्याने ते उघडलं, कुठल्या राज्याने लावून घेतलं. पण पान कुठे संपतं आणि गांजा कुठे सुरू होतो, हे जप्तीच्या जागी, तागडीपाशी ठरतं.

आणि तिथेच घोळ होतो. एक किलोपर्यंतचा गांजा म्हणजे अल्प प्रमाण: कमाल एक वर्ष शिक्षा किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 20 किलोंहून जास्त म्हणजे व्यापारी प्रमाण: किमान दहा वर्षं, शिवाय कलम 37 मुळे जामीन जवळजवळ अशक्य, कारण आरोपी निर्दोष असावा असं मानायला सबळ कारण आहे, याची आधी न्यायालयाला खात्री पटावी लागते. आता पोत्यात काय असतं ते पाहा. ओली झाडं, जाड देठ, पानं, कधी मुळांना चिकटलेली माती, आणि त्यातच फुलोरा. सगळं पोतं एकदम काट्यावर चढवून पंचनाम्यात 22 किलो लिहिलं, की माणूस दहा वर्षांच्या रेषेपलीकडे गेला. देठ-पानं वेगळी काढली असती तर कदाचित आठ किलो भरलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाने या मुद्द्यावर आरोपींना दिलासाही दिला आहे. पण उच्च न्यायालयापर्यंत जायला वकील लागतो, आणि कंत्राटी कामगाराच्या घरचे परराज्यातून तारखेला येतात तेव्हा प्रत्येक खेपेला मजुरी बुडते. बंगळूरमध्ये जून 2022 मध्ये बिहारच्या एका माणसाला 29 किलो भांग आणि थोड्या गांजासह अटक झाली. ऑगस्टमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने भांग एनडीपीएसमध्ये येत नाही असं म्हणत त्याला जामीन दिला. कायद्यात 1985 पासून छापलेली गोष्ट कळायला त्याला तुरुंगात राहावं लागलं.

यावर काहीजण अमेरिकेकडे बोट दाखवतील: तिथल्यासारखं राज्यांनी सरळ मोकळीक द्यावी. मला ते पटत नाही. कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये औषधी वापर मान्य केला, कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी 2012 मध्ये करमणुकीसाठीचाही. संघीय कायद्यात मात्र बंदी कायम राहिली आणि 2005 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने संघीय कायदाच वरचढ ठरवला. त्याचा फटका कुणाला बसला? एप्रिल 2019 मध्ये तिथल्या नागरिकत्व खात्याने स्पष्ट केलं, की राज्यात कायदेशीर असलेला वापरही नागरिकत्वाच्या अर्जाआड येऊ शकतो. म्हणजे सनीव्हेलमध्ये राहणाऱ्या पुण्याच्या अभियंत्याचा शेजारी जे दुकानातून बिनदिक्कत आणतो, तेच त्याने आणलं तर वर्षानुवर्षांची वाट पाहणं पाण्यात जाऊ शकतं. तिथेही फटीत सापडतो तो बाहेरून आलेलाच. आपल्याकडे तर अमली पदार्थ हा विषय समवर्ती सूचीत आहे आणि विसंगती आली की राष्ट्रपतींची संमती नसलेला राज्याचा कायदा मागे पडतो. केंद्राशी झुंज घेऊन मोकळीक मिळवण्याची वाट महाराष्ट्रापुढे नाही, आणि ती मागायचं कारणही मला दिसत नाही.

माझं मागणं एवढंच, की जप्तीत फुलोरा आणि पानं वेगळी तोलावीत. त्यावर खरा आक्षेप कारखान्यातून येतो, आणि तो गंभीर आहे. प्रेस मशीनवर उभा असलेला माणूस तारेत असेल तर त्याची बोटं जातात, शेजारच्याचीही. हे शंभर टक्के मान्य. पण ही जोखीम दारूचीही आहे, आणि तिच्यावर उपाय गेटवर तपासणी, कामावरून त्या दिवशी परत पाठवणं, समुपदेशन हाच असतो. अल्प प्रमाणात सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार घेतले तर कलम 64अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. चाकणच्या किती कामगारांना हे कलम कुणी वाचून दाखवलं असेल? दुसरा आक्षेप असा, की पान वेगळं काढायला सांगितलं की विक्रेते पळवाट काढतील. विक्रेत्याकडे फुलोरा असतोच. तो वेगळा तोलला तरी गुन्हा उरतो, फक्त खऱ्या वजनाचा उरतो.

शिवाय पोलिसांचे हात मोजके आहेत. याच चाकण परिसरात ऑक्टोबर 2020 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी 20 किलो मेफेड्रोन हा कृत्रिम अमली पदार्थ पकडला. फेब्रुवारी 2024 मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून शेकडो किलोंचा साठा निघाला. हा पदार्थ केंद्राच्या यादीत 2015 मध्ये आला. तोवर मुंबईत तो उघड पसरत असताना राज्याच्या पोलिसांकडे धड कलम नव्हतं. गांजाची व्यापारी रेषा 20 किलो, मेफेड्रोनची 50 ग्रॅम: कायद्याने स्वतःच सांगितलं आहे की धोका कुठे मोठा आहे. रसायनांची पिंपं कुठून येतात, बंद पडलेल्या शेडमध्ये रात्री वीज कशी जळते, हे शोधणारा अधिकारी आंबेठाण चौकात पुड्या तपासत उभा राहिला तर शेड तशीच चालू राहते.

ही फट बुजवण्यासाठी गृहखात्याला दिल्लीला जायची गरज नाही. एक परिपत्रक पुरेल: पंचांसमोर फुलोरा, पानं आणि देठ वेगळे करा, तिघांचं वजन वेगळं लिहा, ओलं की सुकं तेही लिहा, आणि आरोपीला कळेल त्या भाषेत ते वाचून दाखवा. चाकणमध्ये ती भाषा हिंदी असेल, भोजपुरी असेल, उडिया असेल.