‘हलाल’ ऑफर आणि आपल्या माणसांचा भरवसा

वडाळ्यात मोबाइलवर व्हिडिओ बनवणारी मुलंमुली आता गल्लीगणिक सापडतात. अँटॉप हिलची कुणी मेंदीची डिझाइनं दाखवते, संगम नगरचा कुणी रमजानमधल्या खाण्याच्या गाड्या, तर कुणी आजीच्या पद्धतीची सांदणं मराठीत समजावून सांगते. पाच-सहा हजार फॉलोअर झाले की इनबॉक्समध्ये मेसेज येतो: ‘आमच्या ब्रँडसोबत कोलॅब कराल का?’

यातली सगळ्यात स्वस्त फसवणूक ओळखायला सोपी आहे. ‘तुम्ही आमचे अॅम्बॅसिडर, फक्त कुरिअरचा खर्च भरा’ किंवा ‘अर्ध्या किमतीत अबाया घ्या आणि फोटो टाका.’ इथे तुम्ही गिऱ्हाईक आहात. जाहिरात करून घेणारा पैसे देतो, मागत नाही.

दुसरी जास्त घातक. कराराच्या नावाखाली एक फाइल येते, ती उघडली की चॅनेल हातातून जातं. पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही सांभाळूनही जातं, कारण चोरलं जातं ते ब्राउझरमधलं चालू लॉगिन. गुगलच्या सुरक्षा पथकानं ऑक्टोबर २०२१ मध्ये यूट्यूबर्सविरुद्धच्या अशा मोहिमेची माहिती दिली होती. मार्च २०२३ मध्ये ‘लायनस टेक टिप्स’ हे कोट्यवधी सबस्क्रायबर असलेलं, तेही संगणकावरचंच चॅनेल असंच गेलं. त्यांच्या एका कर्मचाऱ्यानं स्पॉन्सरशिपचा प्रस्ताव समजून फाइल उघडली होती. तेव्हा ‘मी हुशार आहे’ हा बचाव नव्हे.

पण मला खरी काळजी तिसऱ्या प्रकाराची आहे. तिथे पैसे वेळेवर मिळतात, करारही होतो. ब्रँड खरा वाटतो, माल मात्र खोटा असतो. स्वस्तातली उमराह टूर, ‘शरियतनुसार’ गुंतवणूक, ‘हलाल’ नफा. यांना तुमचे पाच हजार फॉलोअर नको असतात. त्यातल्या तुमच्या खाला, फुफू आणि मोहल्ल्यातले चाचा हवे असतात. बेंगळुरूच्या ‘आयएमए’नं व्याज नाही, नफ्यात वाटा अशी भाषा करून हजारो लोकांचा पैसा घेतला, त्यात बहुसंख्य मुसलमान. जून २०१९ मध्ये संस्थापक देश सोडून गेला. आणि दूर कशाला, आपल्या दादरमधलं ‘टोरेस’ आठवा. दुकान चकचकीत, दर आठवड्याला परताव्याचं आमिष. जानेवारी २०२५ मध्ये गुंतवणूकदार त्याच दुकानाबाहेर पैशासाठी उभे होते. दुकान दिसतं म्हणून कंपनी खरी, असं होत नाही. दाढी, बुरखा किंवा सलाम पाहून तर अजिबात नाही.

कायदाही इथे तुमच्याकडेच बोट दाखवतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात करणाऱ्या चेहऱ्याला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. मात्र दाव्याची योग्य ती शहानिशा केली होती, हे दाखवता आलं तर सुटका आहे. म्हणून विचारपूस केलेले मेल जपून ठेवा. जानेवारी २०२३ च्या सरकारी मार्गदर्शनानुसार फुकट मिळालेल्या वस्तूचीही ‘जाहिरात’ म्हणून स्पष्ट नोंद हवी. ‘हे लपवा, मैत्रिणीसारखं सांगा’ असं म्हणणारा ब्रँड इथेच ओळखू येतो. आणि पैसे लावून खेळायच्या अॅपची ऑफर असेल तर विचारच नको: ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं त्याच्या जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

तपासायचं कसं? कंपनीचं पूर्ण नाव आणि जीएसटी क्रमांक मागा, तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. मेल कंपनीच्या पत्त्यावरून आला आहे की साध्या जीमेलवरून, ते पाहा. मेसेजमधला नंबर सोडून कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन करा. पॅन मागितलं म्हणून घाबरू नका, टीडीएस कापायला खऱ्या कंपनीला ते लागतंच. ओटीपी किंवा खात्याचा पासवर्ड मात्र कुणालाच लागत नाही. टूर असेल तर आधी गेलेल्या दोन कुटुंबांशी बोला.

एवढं करूनही पैसे गेले तर त्याच तासात १९३० वर फोन करा. घरच्यांना काय सांगू, या लाजेत दोन दिवस गेले की रक्कम चार खाती पुढे गेलेली असते.