‘वय झालं’ हे निदान नाही

परवा दिवाळे गावात मासे घ्यायला गेले होते. ज्यांच्याकडून मी कित्येक वर्षं मासळी घेते, त्या मावशी पाटी उचलायला वाकल्या आणि मध्येच थांबल्या. पाय जवळ घेतले, क्षणभर डोळे मिटले, मग पाटी उचलली. मला लगेच कळलं, कारण माझी अम्मी अशीच थांबायची. गिऱ्हाइकं पांगल्यावर मी हळूच विचारलं. त्या हसल्या. “वय झाला ना बाय आता.” सकाळपासून त्या पाणीच प्यायल्या नव्हत्या. बाजारात बसायचं तर प्यायचंच नाही, हा त्यांनी शोधलेला इलाज.

अम्मीचंही हेच झालं होतं. आधी खोकताना लघवी गळायची. मग लग्नाला, मय्यतीला जाणं सुटलं. मोहल्ल्यातली एक बाई म्हणाली, “पाकी राहत नाही तर नमाज कशी होणार?” तेव्हा नमाजही सुटली. एका डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, या वयात चालायचंच. घरात आम्हीही तेच म्हणालो. याची मला आज लाज वाटते.

म्हणून स्पष्ट लिहिते. लघवी गळणं हे म्हातारपण नाही, तो आजार आहे आणि बहुतेक वेळा त्यावर उपाय आहे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्या आधाराने राहतात. बाळंतपणं, पाळी गेल्यानंतरचे बदल, जुना खोकला, बद्धकोष्ठता आणि वर्षानुवर्षं उचललेली ओझी यांनी ती सैल पडते. मग शिंकलं, हसलं, वजन उचललं की गळतं. काहींना घाई इतकी होते की संडासापर्यंत पोचवतच नाही. तो वेगळा प्रकार, पण त्यावरही उपचार आहेत.

“ती दिवसभर राबते, तिला व्यायाम कशाला?” असं म्हणणारे आहेतच. पाटी उचलून हात आणि पाठ बळकट होते, हा तळ नाही. उलट त्याच्यावर ताण येतो. नमाजच्या उठबशीने सगळे आजार जातात, असे मेसेज फिरवणाऱ्यांनाही सांगते: नमाज इबादत आहे, तिला औषधाची बाटली करू नका.

व्यायाम वेगळा आहे. अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी तो १९४८ साली मांडला. लघवी आणि वायू रोखताना जे स्नायू आपण आवळतो, तेच वर ओढायचे, काही सेकंद धरायचे, पूर्ण सोडायचे. श्वास रोखायचा नाही. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. खोकण्याआधी, पाटी उचलण्याआधीही आवळायचे. मात्र लघवी करताना धार थांबवून हा सराव करू नये. अनेकजणी चुकीचे स्नायू आवळतात, म्हणून फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्यावं. आणि पाणी तोडू नये: लघवी घट्ट झाली की मूत्राशय आणखी चिडतं, बद्धकोष्ठताही वाढते. लघवीत रक्त, जळजळ किंवा अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल तर थेट डॉक्टर गाठावा.

आता शरमेबद्दल. फातिमा बिन्त अबी हुबैश यांचं रक्त थांबत नव्हतं. त्यांनी थेट रसूलुल्लाहना (स.) विचारलं, नमाज सोडू का? नाही, असं उत्तर मिळालं. हजरत आयेशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची तारीफ केली ती याचसाठी, की हया त्यांना दीन समजून घेण्याच्या आड आली नाही. ज्या बाईचे थेंब थांबतच नाहीत तिने प्रत्येक नमाजच्या वेळी नवा वजू करावा, हे फिकहमध्ये शतकांपासून लिहिलेलं आहे. जिचं कधीतरी खोकताना गळतं तिने साफसफाई करून वजू पुन्हा करावा. नमाज सोडायला कुणीच सांगितलेलं नाही. मग बयानात सुरमा आणि मिसवाकवर तासभर बोलणाऱ्यांना हा मसला का सांगता येत नाही?

मौन फक्त आपल्याकडे नाही. डॉ. राणी बंग यांच्या पथकाने गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते संशोधन छापून आलं: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग, आणि त्याआधी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के. धर्म कुठलाही असो, बाई सोसते आणि घर त्याला वय म्हणतं.

मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’वाल्यांनी बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या मागितल्या. ती मागणी प्रत्येक मासळी बाजाराची आहे. तिच्या जोडीला प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी महिला फिजिओथेरपिस्ट हवी.

पुढच्या खेपेला मावशींजवळ पाटावर बसून त्यांना हा व्यायाम सांगितला. त्या आधी लाजल्या. मग शेजारच्या दोघींना हाक मारली, “इकडं या गो, ही काय सांगते ऐका.”

तुम्हीही आज घरी आईला, सासूला विचारा. ती आधी नाही म्हणेल. पुन्हा विचारा.