शिक्षा कमी पडली, हे तिने कुणाला सांगायचे?

विवाहितेचा छळ हा 1983 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेचे कलम 498-अ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 मध्ये आले, शिक्षा मात्र तीच राहिली: तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कमाल मर्यादा आहे, किमान नाही. त्यामुळे छळ सिद्ध होऊनही ‘न्यायालय उठेपर्यंत कैद’ आणि थोडा दंड एवढ्यावर प्रकरण संपू शकते. आरोपीने कामकाज संपेपर्यंत कोर्टात बसायचे, दंडाची पावती घ्यायची आणि घरी जायचे. पंढरपूरच्या न्यायालयात गावाकडून एसटीने तारखांना हेलपाटे घालून जिने साक्ष दिली, तिला ही शिक्षा फार थोडी आहे म्हणून अपील करण्याचा हक्क नाही. ही कायद्यातील मोठी उणीव आहे आणि ती दूर झालीच पाहिजे.

फौजदारी प्रक्रिया संहितेतील, 2009 च्या अखेरीस अंमलात आलेल्या दुरुस्तीने पीडितेला अपिलाचा हक्क दिला, पण तीनच कारणांसाठी: आरोपी निर्दोष सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली. अपुरी शिक्षा त्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. तिच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 413 ने तीच चौकट कायम ठेवली. शिक्षा वाढवण्यासाठी अपील करायचे तर कलम 418 प्रमाणे ते सरकारने सरकारी वकिलामार्फत करायचे. पुनरीक्षण अर्जाची वाट आहे, पण ती न्यायालयाच्या विवेकाधीन, हक्काची नव्हे. भरपाई कमी पडली तर तिचे गाऱ्हाणे ऐकायचे आणि शिक्षा कमी पडली तर नाही, या भेदाला तर्काचा आधार नाही.

यावर पहिला आक्षेप गैरवापराचा. खोट्या तक्रारी होतात, सरसकट अटक नको, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2014 मध्ये बजावले. पण शिक्षेवरचे अपील येते ते गुन्हा शाबित झाल्यावर; तिथे तक्रार खरी की खोटी हा प्रश्न न्यायालयाने आधीच निकाली काढलेला असतो. शिवाय अशा अपिलात आरोपीला निर्दोषत्वाचा मुद्दा पुन्हा मांडता येतो. दुसरा आक्षेप सूडाचा. शिक्षा किती हे शेवटी न्यायाधीशच ठरवणार. ती फक्त आपली बाजू मांडणार. तिसरा, घरातली गोष्ट ताणू नये हा. वारीची ओढ लागलेल्या सखूला सासरच्यांनी बांधून घातले, ही कथा पंढरीत कुणाला ठाऊक नाही? तिच्या जागी विठ्ठल उभा राहिला. आजच्या सखूला कायद्यानेच उभे राहायला हवे, कारण नाममात्र शिक्षा भोगून आलेला नवरा पुन्हा त्याच उंबरठ्यावर येतो.

प्रलंबित खटल्यांचा भार खरा आहे, म्हणून चाळणी हवी. इंग्लंडमध्ये 1988 च्या कायद्यानुसार ठरावीक गुन्ह्यांतील शिक्षा फार सौम्य वाटल्यास कोणीही 28 दिवसांत ॲटर्नी जनरलकडे दाद मागू शकतो. प्रकरण पुढे न्यायचे की नाही ते ॲटर्नी जनरल ठरवतात. आपल्याकडे पीडितेच्या अर्जावर सरकारने ठरावीक मुदतीत लेखी कारणांसह निर्णय द्यावा आणि नकार आल्यास न्यायालयाच्या परवानगीने तिला स्वतः अपील करता यावे. तोवर निकालाची प्रत हाती येताच तिने सरकारी वकिलाकडे अपिलाची लेखी मागणी करावी. उत्पन्न कितीही असो, महिलांना विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. अशा अर्जांना उत्तर देणे सरकारला भाग पडेल, तेव्हाच विधिमंडळ आणि संसदेला या दुरुस्तीची निकड टाळता येणार नाही.