डुकराचं मटण, मंद आचेवर

या वीकेंडचा विषय खाण्याचा आहे, पण आधीच सांगतो, ही रेसिपी नाही. रेसिपी वाटेत येईलच. माझं म्हणणं एवढंच की डुकराचं मटण घरी, मंद आचेवर, तीन-साडेतीन तास शिजवावं, घरच्या सगळ्यांना बसवून खावं, आणि त्याला डुकराचं मटण म्हणावं. 'पोर्क' नाही.

हसू नका. आजूबाजूला बघा जरा. टीम लंचला रिब्ज मागवणारे, बर्गरमध्ये एक्स्ट्रा बेकन टाकून घेणारे, गोव्याला गेल्यावर सोरपोटेल आणि विंदालूवर तुटून पडणारे आपलेच लोक आहेत. त्यातल्या कुणालाही सांगा, रविवारी घरी ये, डुकराचं मटण केलंय. चेहरा बघण्यासारखा होतो. इंग्रजीत चालतं, पोर्तुगीजमध्ये चालतं, मराठीत म्हटलं की "ई..." प्राणी तोच, कापणारा तोच.

दुसरी गंमत रानडुकराची. गावाकडच्या गप्पांत रानडुकराचा विषय निघाला की लोक छाती फुगवून सांगतात, आमच्याकडे असं मारलं, तसं भाजलं. (१९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे, पण ते सांगणाऱ्याला कोण सांगणार!) म्हणजे रानातलं मर्दानी आणि वस्तीतलं घाणेरडं. प्रश्न डुकराचा नाहीच मग. ते कोण पाळतं, कोण खातं, त्याचा आहे.

ज्यांना धर्मात वर्ज्य आहे त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. जे मांसच खात नाहीत त्यांच्याबद्दलही नाही. मी बोलतोय ते बाहेर खातात आणि घरी लाजतात त्यांच्याबद्दल. यात आमचं घरही आलं.

मी वरळीच्या बीडीडी चाळीतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. १९२०च्या दशकात, गव्हर्नर लॉईडच्या योजनेतून, मुख्यतः कामगारांसाठी या चाळी उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी. एकट्या वरळीत १२१ इमारती. तळमजला अधिक तीन मजले, मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास कॉमन. अशा पॅसेजमध्ये कुणाच्या घरात काय शिजतंय हे लपत नाही. बोंबील तळले की टोकाच्या खोलीपर्यंत बातमी. वासावरून आम्ही पोरं सांगायचो, आज अमक्याकडे पाहुणे आलेत.

आणि तरीही आमच्या घरात एका पदार्थाला नाव नव्हतं. आजी म्हणायची, "आज ते आहे." बस. 'ते' म्हणजे काय हे आम्हाला कळायचं, शेजाऱ्यांना कळायचं, फक्त कुणी उच्चारायचं नाही. शाळेत डब्यात 'ते' न्यायचं नाही हा नियम तर न सांगताच पाठ होता.

या लाजेला इतिहास आहे आणि तो साधा नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचं मांस सोडा असं सांगितलं, तेव्हा मुद्दा माणूस म्हणून ताठ उभं राहण्याचा होता. लाखोंनी ते ऐकलं आणि आयुष्य बदललं. पण समोरच्याची नजर तेवढ्याने बदलली नाही. ताटात काय आहे यावरून माणूस जोखायची सवय तशीच राहिली, आणि मग ज्यात काही वावगं नाही तेही झाकायची सवय आपल्याला लागली. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) वाचा. महार आणि मांग समाजाच्या खाण्यावरचं पुस्तक आहे. मराठी पाकपुस्तकांच्या कपाटात हे स्वयंपाकघर इतकी वर्षं नव्हतंच, हे नावातच कळतं. मी ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आजीच्या 'ते'ला नाव द्यायला हवं.

असो. आता मंद आचेकडे येतो, कारण माझ्या मते खरी गंमत तिथे आहे.

आजकाल 'स्लो कुक्ड' लिहिलं की मेन्यूवर किंमत दुप्पट होते. पण मंद आचेवर तासन्‌तास शिजवणं ही श्रीमंतांची चैन कधीच नव्हती. मऊ मांस श्रीमंत घ्यायचे, त्याला वेळ लागत नाही. खांदा, मांडी, पाय, डोकं असले चिवट भाग स्वस्त मिळायचे आणि त्यांना वेळच लागतो. पप्पा सांगतात, १९८२च्या गिरणी संपानंतर बोकडाचं मटण महिन्यातून एकदाही परवडत नव्हतं, तेव्हा 'ते' यायचं. आजीकडे भुशाची शेगडी होती. डब्यात मधोमध बाटली उभी करून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढली की मधे पोकळी राहते. ती पेटवली की भुसा आतून सावकाश जळत राहतो, एकसारखी धग, तासन्‌तास. रॉकेल वाचतं. दुपारी पातेलं चढवायचं, संध्याकाळी उतरवायचं. महागड्या स्लो कुकरमध्ये याहून वेगळं काही होत नाही. फक्त प्लग असतो.

आणि हे फक्त वरळीतलं नाही. चीनमध्ये अकराव्या शतकात सु शी नावाचा मोठा कवी होता. राजकारणात नको ते बोलला म्हणून १०८० साली त्याची रवानगी हुआंगझोऊला झाली. तिथे डुकराचं मांस स्वस्त होतं, श्रीमंत त्याला तोंड लावत नव्हते आणि गरिबांना ते नीट शिजवायचं कसं ते माहीत नव्हतं. या गृहस्थाने पाणी कमी, आच कमी, घाई नको, असं पद्यात लिहून ठेवलं. आज 'दोंगपो' हा पदार्थ त्याच्या नावाने ओळखला जातो. हद्दपार माणूस, स्वस्त मांस आणि भरपूर वेळ!

आता इंजिनिअरिंगचा भाग. (डिग्रीचा कुठेतरी उपयोग व्हायला हवा.) चिवट मांस चिवट असतं कारण त्या स्नायूंनी जन्मभर काम केलेलं असतं आणि त्यांच्यात कोलॅजेन जास्त असतं. साधारण ७० अंश सेल्सियसच्या पुढे हे कोलॅजेन हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. रस्सा बोटांना चिकटतो ना, तो या जिलेटिनमुळे. ही क्रिया वेळ मागते. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, काम लवकर होतं, मान्य. पण कुकर म्हणजे कोड लिहून थेट प्रॉडक्शनला टाकणं. मधे बघता येत नाही, चाखता येत नाही, रस्सा आटत नाही. शिट्टी एक जास्त झाली की दोरे दोरे होतात आणि उरतं ते तेलकट पाणी. डाळीसाठी कुकर उत्तम आहे. यासाठी नाही.

मी करतो ते असं. दीड किलो खांद्याचा भाग, चरबीसकट, मोठे तुकडे. मुंबईत हे मांस 'कोल्ड स्टोरेज' अशी पाटी असलेल्या दुकानात मिळतं, आणि दुकानदाराला "चरबी काढू नका" असं स्पष्ट सांगावं लागतं. मीठ, हळद, आलं-लसूण आणि दोन चमचे व्हिनेगर लावून रात्रभर फ्रीजमध्ये. (विंदालूतला 'आलू' बटाट्याचा नाही. मूळ पोर्तुगीज नावात वाइन आणि लसूण आहे.) सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात तेल न घालता चरबीची बाजू खाली ठेवून तुकडे परतायचे. पाच-सात मिनिटांत स्वतःचीच चरबी सुटते. तुकडे काढून त्याच चरबीत चार कांदे लालसर, मग घरचा मसाला, तुकडे परत आत, आणि गरम पाणी जेमतेम अर्ध्या उंचीपर्यंत. वर खोलगट झाकण आणि झाकणात पाणी. हे झाकणातलं पाणी आपल्या आया-आज्या मुकाट्याने करत आल्या. आतली वाफ थंड झाकणाला लागून परत खाली पडते, पातेलं कोरडं पडत नाही. केमिकलवाले याला रिफ्लक्स म्हणतात आणि त्यावर प्रॅक्टिकलची जर्नल लिहितात.

मग आच सगळ्यात बारीक. रटरट नको, अधूनमधून एखादा बुडबुडा. तीन तास. शेवटी भाजलेल्या कांद्याचं आणि थोड्या सुक्या खोबऱ्याचं वाटण. खोबरं बोकडाच्या रश्श्यापेक्षा निम्मंच, कारण चरबी आधीच आहे. वर तरंगणारी जास्तीची चरबी डावाने काढून वाटीत ठेवा, दुसऱ्या दिवशी तिच्यात बटाटे परता. आणि शक्य असेल तर सगळं आदल्या दिवशीच करा. रात्रभर मुरलेला रस्सा वेगळाच लागतो.

"पण किडे असतात ना त्यात?" हा प्रश्न येतोच, आणि तो फालतू नाही. नीट न शिजलेल्या मांसातून फीतकृमी पोटात जाऊ शकतो. तीन तास शिजलेल्या मांसातून नाही. आणि ज्याला सगळे घाबरतात त्या मेंदूतल्या गाठी मांस खाऊन थेट होत नाहीत. त्या होतात फीतकृमीच्या अंड्यांमुळे, आणि ती अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या भाजीवरून, हातांवरून. म्हणून शाकाहारी माणसालाही तो आजार होतो. तेव्हा कोथिंबीर धुवा आधी.

आता जेवणाचं. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या. त्यांत माझे काका आहेत. १६० चौरस फुटांतून ५००त. संडास घरात, ओटा वेगळा, ओट्यावर चिमणी. घर बघून काकी पहिल्या दिवशी रडल्या, आणि त्यांनी रडावं असंच ते घर आहे. सगळ्यांना एकत्र जेवायला बोलवायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, मटण मी करतो, डुकराचं. पप्पा काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांना हवं होतं. आत्या म्हणाली, "कर, पण दार लावून घे रे बाबा. आता मोठी बिल्डिंग आहे, चांगली माणसं आहेत."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. अगं आत्या, माणसं तीच आहेत! चाळीतलीच, फक्त आडवी होती ती उभी रचली. घरं सोडतीने मिळाली, त्यामुळे समोरच्या दारात कोण आहे ते अजून नीट माहीत नाही, एवढंच. त्या पॅसेजमध्ये दार लावायची सोय नव्हती तेव्हा आपण नाव लपवलं. आता दारही आहे आणि वास ओढून घेणारी चिमणीही आहे, तर पदार्थच लपवायचा? मोठं घर मिळालं त्याचा हाच उपयोग करायचा का?

माझ्या आधीच्या एका कंपनीत पँट्रीमध्ये 'तीव्र वासाचे पदार्थ गरम करू नयेत' असा कागद चिकटवला होता. पॉपकॉर्न आणि पिझ्झाचा वास त्यात धरत नव्हते. कुणाच्या वासाला वास म्हणायचं हे कागद लावणारा ठरवतो. टॉवरमध्ये सोसायटी अजून नवी आहे, कागद लागलेले नाहीत. म्हणून म्हणतो, हीच वेळ आहे.

मी आत्याला सांगितलंय की दार उघडं राहील. समोरच्यांना विचारीन, खात असतील तर वाटी जाईल, खात नसतील तर काकींच्या हातची खीर जाईल. खुद्द आत्या खात नाही, तिच्यासाठी वेगळ्या पातेल्यात कोंबडी आहे, वेगळा डाव आहे. लहान पोरांना विचारलं, काय जेवणार, तर पुतण्या म्हणाला, "ते." मी म्हटलं, ते काय? नाव सांग. तो पप्पांकडे बघायला लागला. पप्पांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, "डुकराचं मटण म्हण. आणि भाकरी सांग आईला, पावाबरोबर मजा नाही."