पुन्हा नववीत

कवितेचा तास घ्यायचा असला की मराठीचे शिक्षक आदल्या रात्री ती कविता पुन्हा वाचतात. वीस वर्षे शिकवलेली कविता असली तरी वाचतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने नववीचे पाठ्यपुस्तक उघडून बसणे ही मात्र अज्ञानाची कबुली समजली जाते. पदवी आहे ना, मग गतीचे नियम पुन्हा कशाला वाचायचे? ही समजूत किती महागात पडते, ते मी स्वानुभवाने सांगू शकतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी फळ्यावर सरळ वर फेकलेला चेंडू काढला होता. सर्वोच्च बिंदूपाशी त्याचा वेग शून्य होतो, हे सांगितले. ते बरोबरच होते. पण त्याच ओघात ‘म्हणून तिथे त्वरणही शून्य’ असे म्हणून गेलो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, मग तो तिथेच का राहत नाही?’’ हा प्रश्न परीक्षेत येत नाही, असे सांगून मी तिला खाली बसवले. पुढे काही वर्षे अध्यापनापासून दूर होतो. पुन्हा वर्गावर जायची वेळ आली तेव्हा जुनी पुस्तके काढली आणि त्या एका प्रश्नात माझ्या विधानाचे संपूर्ण खंडन होते, हे लक्षात आले.

हिशेब अगदी साधा आहे. हवेचा रोध सोडून दिला, तर सर्वोच्च बिंदूच्या एक दशांश सेकंद आधी चेंडूचा वेग सेकंदाला 0.98 मीटर असतो, वरच्या दिशेने. एक दशांश सेकंदानंतर तो तेवढाच असतो, पण खालच्या दिशेने. म्हणजे 0.2 सेकंदात वेग 1.96 ने बदलला. भागाकार केला की त्वरण 9.8 येते, तेही खालच्या दिशेने. मधल्या क्षणी त्यात काहीच फरक पडत नाही, कारण गुरुत्वाकर्षण त्या क्षणीही असतेच. वेग शून्य असणे वेगळे आणि वेग न बदलणे वेगळे. असली गणिते पदवीच्या परीक्षेत मी धडाधड सोडवली होती. सूत्र येत होते. अर्थ लागलेला नव्हता.

हे माझ्या एकट्याचे दुखणे नाही. अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये बलाच्या संकल्पनेवर एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नव्हती, रोजच्या व्यवहारातले प्रश्न होते. महाविद्यालयात यामिकी शिकून उत्तीर्ण झालेले अनेक विद्यार्थी तिच्यात अडखळले. गती आहे म्हणजे त्या दिशेने बल असलेच पाहिजे, ही त्यांची धारणा अभ्यासक्रमाने हललेली नव्हती. ही धारणा मूर्खपणाची नाही. ॲरिस्टॉटलपासून गॅलिलिओच्या 1638 च्या ग्रंथापर्यंत सुमारे दोन हजार वर्षे मोठमोठ्या बुद्धिमंतांनी साधारण असाच विचार केला. ढकलणे थांबवले की हातगाडी थांबते, हे रोज डोळ्यांना दिसत असताना घर्षणाला मनातून वजा करणे सोपे नव्हते.

त्यात आणखी एक अडचण भाषेची आहे, आणि साहित्याच्या वाचकाला ती चटकन उमगावी. बल, शक्ती, ऊर्जा हे शब्द बोलण्यात आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. भौतिकशास्त्रात त्यांचे अर्थ काटेकोरपणे वेगळे आहेत. कार्य हा शब्द तर फसवाच. डोक्यावर पन्नास किलोचे पोते घेऊन तासभर उभा राहिलेला हमाल पोत्यावर शून्य कार्य करतो, कारण पोत्याचे विस्थापन शून्य. ‘‘पण तो दमतो ना?’’ असे कुणीतरी विचारणारच. स्नायूंचे तंतू सतत आकुंचन पावत असतात, त्यात शरीरातील रासायनिक ऊर्जा खर्ची पडते आणि तिची उष्णता होते, हे शिक्षकाला सांगता आले पाहिजे. नाहीतर विज्ञान म्हणजे अनुभवाला खोटे पाडणारे शास्त्र, असा ग्रह त्या मुलाच्या मनात कायमचा बसतो.

म्हणून उजळणी म्हणजे केवळ नवी माहिती गोळा करणे नव्हे. तीही हवीच, पॅरिसजवळच्या सेव्रमध्ये जपलेला धातूचा दंडगोल म्हणजे किलोग्रॅम, हे आम्ही पाठ केलेले उत्तर 20 मे 2019 पासून कालबाह्य झाले आणि किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर आधारली गेली. पण असली दुरुस्ती पाच मिनिटांत होते. अवघड आहे ते आपल्याला येते असे वाटणाऱ्या गोष्टींकडे संशयाने पाहणे. माझ्या मते सुरुवात नववी-दहावीच्या पुस्तकापासूनच करावी. प्रत्येक व्याख्या सूत्राविना, आपल्या शब्दांत लिहून पाहावी. जिथे वाक्य अडते, तिथे आपले ज्ञान संपले असे समजावे आणि मगच पदवीचे पुस्तक उघडावे.

यावर वेळ कुठे आहे, असे विचारले जाईल. निवडणुका, जनगणना, तऱ्हेतऱ्हेची माहिती भरणे यांतून शिक्षकाला उसंत मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. तरी वर्गातल्या प्रश्नाला गप्प बसवण्यामागे दर वेळी वेळेची टंचाई असते, असे मला म्हणवत नाही. माझ्यापाशी त्या दिवशी तासाची पंधरा मिनिटे शिल्लक होती. ‘मला नीट माहीत नाही, उद्या पाहून सांगतो’ एवढे म्हणायला ती पुरेशी होती.